डाव्या गौरीचा श्वास

यंदा आमच्या घरी गौरी इंग्लंडहून आल्या.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते. आमचं माहेर, सासर, आजोळ यांतलं काहीही इंग्लंडला नाही. आमचं गाव साताऱ्याकडचं, आणि आम्ही राहतो दुबईतल्या ‘बर दुबई’ भागात, मीना बाजारच्या मागच्या गल्लीत, एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. (‘खिडकीतून खाडी दिसते,’ असं आई गावी फोनवर सांगते. दिसते, फक्त त्यासाठी वॉशिंग मशीनवर चढावं लागतं.) हे सगळं झालं ते एका श्वासामुळे.

माझे बाबा दुबई मरीनातल्या उंच उंच टॉवरांमध्ये एसी दुरुस्त करतात. दिवसभर कानाशी कॉम्प्रेसरची घरघर. घरी आले तरी पहिला अर्धा तास ते आमच्याशी ओरडूनच बोलतात. अशा माणसाला एकदा एका म्हाताऱ्या इंग्रज साहेबांच्या फ्लॅटमध्ये काम निघालं. बाबांनी एसी बंद केला, स्टुलावर चढले, आणि खाली साहेबांनी बासरीची रेकॉर्ड लावली. आपली बासरी, बांबूची! एवढ्या उंचावर, काचेपलीकडे समुद्र, आणि खोलीत दोन उंच लाकडी स्पीकर.

“बासरी वाजायच्या आधी,” बाबा आम्हाला सांगायचे, “वाजवणारा माणूस श्वास घेतो. तो ऐकू आला मला. म्हणजे माणूस खोलीत होता. मी स्टुलावरनं वळून बघितलं.”

“मग?” मी दर वेळी विचारायची.

“कोणी नव्हतं. साहेब झोपले होते.”

त्या दिवसापासून बाबांचं एकच स्वप्न. तो श्वास आपल्या घरात ऐकायचा. त्यांनी साहेबांकडून स्पीकरच्या कंपनीचं नाव विचारून घेतलं, रेकॉर्डचंही विचारून घेतलं, आणि दोन्ही नावं कितीतरी वर्षं देवाच्या नावांसारखी मनात जपली. संध्याकाळी अब्रातून, म्हणजे इथल्या लाकडी होडीतून, खाडी ओलांडताना ते मधेच डोळे मिटायचे. मला वाटायचं त्यांना बोट लागते. आता वाटतं, ते ऐकत असायचे.

यंदा बाबांच्या नोकरीला वीस वर्षं झाली म्हणून कंपनीने काही रक्कम दिली. आईचं म्हणणं, बांगड्या करू. बाबा जेवताना नुसते भाताकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी आईच वैतागून म्हणाली, “घ्या बाई ते तुमचे स्पीकर! तुमचं हे तोंड बघण्यापेक्षा ते परवडले.”

“पण निवडायचे कोणी?” बाबा म्हणाले.

दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

इथे थोडी माहिती द्यायला हवी. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत मिळून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी अकाउंट्स शिकते. पण आमच्या घरी कॉलेज म्हणजे कॉलेज. भाड्याचा करार रेवतीने, म्हणजे मी, वाचायचा, आईच्या गोळ्यांवरचं बारीक अक्षर रेवतीने वाचायचं, गावाकडच्या मामेभावाच्या म्हशीला काय झालंय हेही व्हिडिओवर रेवतीने बघून सांगायचं. मी भीतभीत म्हटलं, “बाबा, मला स्पीकरमधलं काही कळत नाही हो.”

“कळेल की,” बाबा म्हणाले. “कॉलेजात शिकवतील.”

मी आठवडाभर लायब्ररीत बसून इंटरनेटवर स्पीकरबद्दल वाचलं. (बाजूला कॉस्ट अकाउंटिंगचं पुस्तक उघडं. ते अजून त्याच पानावर आहे.)

दुकानात आम्ही लग्नाला निघाल्यासारखे गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आईने काठाची साडी. तिथे फादी नावाचा एक धिप्पाड लेबनीज माणूस होता. तो माझ्याशी इंग्रजीत, आईशी हिंदीत आणि स्पीकरांशी अरबीत बोलायचा. बाबांच्या तोंडून त्या जुन्या इंग्रजी कंपनीचं नाव ऐकून त्याने छातीवर हात ठेवला. ती कंपनी म्हणे त्याच्या आजोबांच्या वेळेपासून स्पीकर बनवते आणि अजून लाकडाचे पापुद्रे हाताने बसवते. मग त्याने आम्हाला एका अंधाऱ्या, गालिचा घातलेल्या खोलीत नेलं. आत इतकी शांतता होती की आईच्या बांगड्या वाजल्या तरी ती दचकत होती. तिथे त्या कंपनीच्या तीन जोड्या उभ्या होत्या, आणि समोर एक भलीमोठी मऊ खुर्ची.

खुर्चीत आईला बसवलं. पहिली जोडी वाजली.

“साउंडस्टेज कसं वाटतंय?” फादीने मला विचारलं.

“चांगलं... आहे,” मी म्हटलं. “बऱ्यापैकी मोठं आहे.”

“स्टेज कुठाय?” आई इकडेतिकडे बघत म्हणाली.

दुसऱ्या जोडीवर एक परदेशी बाई गायला लागली. आई पदर सावरून मागे सरकली. “ही बया अंगावर आल्यासारखी गातेय. बंद करा.”

मी घाम पुसत होते. वाचलेला एकेक शब्द आठवून पाहत होते, आणि खरं सांगायचं तर मला तिन्ही जोड्या सारख्याच दिसत होत्या, आणि आवाजही चांगला म्हणजे चांगलाच येत होता. बाबा आशेने माझ्या तोंडाकडे बघत होते. तेवढ्यात फादीने तिसरी जोडी लावली. त्यावर मंद काहीतरी वाजायला लागलं, पाण्यावर ऊन हलावं तसं. मी आईला विचारायला वळले.

आई झोपली होती.

नुसती डुलकी नाही. मान एका बाजूला, हातातली पर्स सुटलेली, चेहरा एखाद्या लहान मुलीसारखा. माझी आई घरी मीना बाजारच्या दुकानांसाठी ब्लाउज शिवते. दुपारची झोपलेली आई मी जन्मात पाहिली नव्हती. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत उभे राहिलो. संगीत चालू होतं, आणि कोणालाच ते बंद करावंसं वाटेना.

“हीच जोडी,” बाबा कुजबुजले.

“पण बाबा, फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स—”

“शू! ती उठेल.”

उठल्यावर आईने किंमत विचारली. फादीने दिरहममध्ये सांगितली. आईने मोठ्याने रुपये केले, मग मनात तोळे केले, आणि पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरली.

फादीची बोली अशी होती, की स्पीकर आठवडाभर घरी ठेवून बघा. खोलीला मानवले नाहीत तर परत घेतो. तो स्वतः येऊन नीट बसवून देईल. अट एकच, एकही डाग नको.

स्पीकर घरात आल्या आल्या आईने दोघांच्याही कपाळावर हळदकुंकवाची बोटं उमटवली.

“आई!”

“काय आई? नवीन वस्तू घरात आली आणि तशीच उभी करू?”

अक्रोडाच्या लाकडात हळद अशी मुरली की जणू कारखान्यातूनच आली असावी. म्हणजे आता परतीचा रस्ता खलास. त्या श्वासाने आमच्या घरात यायला नकार दिला, तर बाबांची वीस वर्षं दोन लाकडी खांब होऊन हॉलमध्ये उभी राहणार होती. आणि फादीला मोकळी तारीख मिळाली होती ती थेट पाच दिवसांनंतरची. तोवर बसवायची जबाबदारी कोणाची? कॉलेजची!

इंटरनेटवर लिहिलं होतं, की दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. मी टेप घेऊन मोजलं. त्रिकोणाचं तिसरं टोक बरोबर फ्रिजमध्ये येत होतं.

“मग मी फ्रिजला टेकून उभा राहू का?” बाबांनी मनापासून विचारलं. आणि राहिलेही! मी फोनवरून साहेबांकडचीच बासरी लावली. बाबा डोळे मिटून फ्रिजला टेकले. त्यांच्या डोक्यामागे फ्रिज गुरगुरायला लागला.

“श्वास?” मी विचारलं.

“नाही गं. फ्रिजचा येतोय.”

मग मी स्पीकर आतल्या बाजूला वळवले. आई म्हणाली, नवराबायको भांडून एकमेकांकडे बघत उभे आहेत असं वाटतं. मग बाहेर वळवले. आता म्हणे अबोला धरल्यासारखे दिसतात, म्हणून पुन्हा किंचित आत वळवले. श्वास काही येईना. आवाज भिंतींवर आपटून परत यायचा आणि बासरी जिन्यात वाजल्यासारखी वाटायची. बाबा रोज कामावरून येऊन विचारायचे, “झालं का गं?” आणि मी म्हणायची, “होईल, इन्शाल्ला.” ते लगेच म्हणायचे, “होऊ दे, होऊ दे, घाई नाही.” मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

अशातच माझ्या वाचनात आलं, की स्पीकरच्या आसपास धातूच्या पोकळ वस्तू असू नयेत, त्या आवाजाबरोबर गुणगुणतात आणि सगळा खेळ बिघडवतात. मी घरभर टिचक्या मारत फिरले. बाल्कनीच्या दारामागे दोन पत्र्याचे जाड पाइप सापडले. टिचकी मारली. टणण्! सापडला गुन्हेगार! मी ते दोन्ही खाली नेऊन कचऱ्याच्या मोठ्या डब्यात टाकून आले आणि त्या दिवशी पहिल्यांदा समाधानाने झोपले.

दोन दिवसांनी गौरी आवाहन होतं.

गणपती आधीच टीव्हीच्या टेबलावर, दोन स्पीकरांच्या मधोमध बसला होता. आई मुखवटे ताम्हनात घेऊन दारात उभी. उंबऱ्यापासून रांगोळीची पावलं काढलेली. वरच्या मजल्यावरच्या शिंदे काकू मदतीला आलेल्या. (काकू आमच्या बिल्डिंगच्या धर्मखात्याच्या मंत्री. खातं त्यांना कोणी दिलं, हे माहीत नाही.)

“अहो,” आई आत बघून म्हणाली, “कोठ्या आणा बाल्कनीतून. सूर्य बुडायच्या आत बसवायच्यात.”

कोठ्या म्हणजे ज्यांच्यावर मुखवटे ठेवून, साड्या नेसवून गौरी उभ्या करतात ते. इथे बाजारात बऱ्या मिळत नाहीत, म्हणून बाबांनी एसीच्या डक्टचा पत्रा वळवून घरीच बनवल्या होत्या. साडी नेसवल्याशिवाय मी त्या कधी नीट पाहिल्याच नव्हत्या. बाबा बाल्कनीत गेले. बराच वेळ आले नाहीत. मग त्यांचा आवाज आला.

“रेवे, इथले दोन पत्रे कुठायत?”

“ते... ते गुणगुणत होते, बाबा.”

“कोण गुणगुणत होतं?”

“पत्रे.”

शिंदे काकूंनी हातातली घंटी पदरात धरली.

“फेकले?” आईने विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. मान हलवताना ती धडावर राहील की नाही, याची खात्री नव्हती.

“कॉलेजात पाठवलं!” आई एवढंच म्हणाली.

बाबा खाली धावले, डबा रिकामा होता. काकूंनी बादलीवर बादली रचून बघितली, मुखवटा टपकन कलला. मी माझी पुस्तकं एकावर एक ठेवली, पण अकाउंट्सची पुस्तकं एवढी जाड असूनही गौर गुडघ्यापर्यंतच आली. बाहेर मशिदीवरचं आकाश केशरी व्हायला लागलं होतं. आई ताम्हन घेऊन दारातच उभी, डोळे भरलेले. आणि मग त्या भरल्या डोळ्यांनी तिने हॉलमध्ये बघितलं.

दोन्ही बाजूंना, सारख्या उंचीच्या, कपाळी हळदकुंकू लावलेल्या, एकमेकींकडे किंचित वळून त्या शांत उभ्या होत्या.

“ह्या तर आधीच आल्यात की,” आई हळूच म्हणाली.

बाबांचा चेहरा बघवेना. पण त्यांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा आकाशाकडे, आणि म्हणाले, “बसव.”

मग काय विचारता! हँगर बांधून खांदे झाले, डावीला हिरवी पैठणी, उजवीला जांभळी नारायणपेठ, मोत्यांचे हार, नथी, गजरे. आई शिवणकाम करणारी, तिने निऱ्या अशा घातल्या की स्पीकर जन्मात पुन्हा तसे दिसणार नाहीत. मग गौरींच्या पोटात धान्य घालायची वेळ आली.

“कुठे घालू?” आई मागे वाकून बघत होती. “अगं, इथे मागे गोल भोक दिलंय! काय सोय केलीय बघ इंग्रजांनी!”

“आई, तो बास पोर्ट आहे! त्यातून हवा—”

“तू बोलूच नकोस.”

गव्हाच्या दोन पुरचुंड्या आत गेल्या. दिवे लागले. आणि खरं सांगते, त्या संध्याकाळी आमचा हॉल असा काही दिसत होता, की आम्ही सगळे रागवायचं विसरून गेलो. समईच्या उजेडात साड्यांचे काठ हलत होते, एसीचा वारा लागून पदर जरा जरा हलायचा, आणि असं वाटायचं की आता या बोलतील.

दुसऱ्या दिवशी पूजन. पुरणपोळ्या झाल्या, संध्याकाळी हळदीकुंकू. हॉलभर बायका. पुरुष म्हणून बाबांना पॅसेजमध्ये सरबताचा ट्रे धरून उभं केलेलं. आणि बेल वाजली. दारात फादी, हातात टेप आणि हत्यारांची बॅग. तारीख आजचीच होती. आम्ही साफ विसरलो होतो.

त्याने बूट काढले, आत डोकावला, आणि विचारलं, “माझे स्पीकर कुठायत?”

“फादी, प्लीज रागावू नका,” मी बोट दाखवलं. “त्या दोघी.”

फादीने आधी नथींकडे बघितलं, मग गजऱ्यांकडे.

“हबीबी,” शेवटी तो म्हणाला, “लोक स्पीकर पडद्यामागे लपवतात, कुंड्यांमागे लपवतात, सगळं बघितलंय. नथ घातलेला स्पीकर पहिल्यांदा बघतोय.” मग आईकडे वळून त्याने हात जोडले. “मॅडम, थोडा आगे लेना पडेगा.”

“नही!” आई आडवी आली. “एक बार बिठाया तो बिठाया. विसर्जन तक हिलाने का नही.”

“थोडासा?”

“जरा भी नही!”

“ओके, ओके, खलास,” फादी मागे सरला. “वाजवून तरी बघू. कनेक्शन कोण तपासणार?”

गौरींच्या मागे फादी मावणं शक्य नव्हतं. त्यामुळे फोन घेऊन मी भिंत आणि डावी गौर यांच्यामधल्या फटीत शिरले. आत अंधार होता. उदबत्तीचा आणि नव्या रेशमाचा वास, पाठीला गार भिंत. बाहेर फादीने ओठांवर बोट ठेवलं असावं, कारण एवढ्या बायका एकदम गप्प झाल्या. मी वायर चाचपली. बासरी शोधली. अंगठा बटणावर ठेवला, आणि मला एकदम जाणवलं, की बाबांचं सगळं स्वप्न आत्ता या अंगठ्याखाली आहे. मी धीर यावा म्हणून एक मोठा श्वास घेतला आणि बटण दाबलं.

बासरी सुरू झाली.

“अगं बाई!” शिंदे काकूंची किंकाळी आली. “श्वास घेतला! डावीनं श्वास घेतला!”

“मीपण ऐकला!”

“माझ्या अंगावर काटा आला बघा!”

मी फटीतून डोकं बाहेर काढलं. बायका हात जोडून उभ्या होत्या. आणि त्यांच्या मागे, पॅसेजमध्ये, बाबा. त्यांच्या हातातला ट्रे वाकडा झाला होता, सरबत पायांवर सांडत होतं, आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

“आला,” बाबा म्हणाले. “रेवे, आला!”

मला वाटलं, जिंकलो आपण! फक्त फादी डाव्या गौरीच्या मागे, म्हणजे माझ्याकडे, जरा विचित्र नजरेने बघत होता. त्याने तीन पुरणपोळ्या खाल्ल्या, “रविवारी येतो,” म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जन होतं. पण सकाळपासूनच लिफ्ट आमच्या मजल्यावर अडकून बसली. शिंदे काकूंनी रातोरात सगळीकडे कळवलं होतं. करामाहून बायका आल्या, शारजाहून आल्या, एक तर विमानतळावरून बॅगेसकट आली. वॉचमन वर येऊन विचारून गेला, “भाई, कौनसा शेख आया है?”

मी स्वयंपाकघरात उभी राहून फोनवरून बासरी लावली. श्वास नाही! पुन्हा लावली. नुसती बासरी.

“रुसल्या,” काकूंनी निदान केलं. “कोणीतरी काहीतरी चुकलंय. रेवती, तू काही फेकलंस का परत?”

आईने घाबरून नैवेद्य बदलला. शारजाच्या बाई हिरमुसल्या. बाबा दारातून माझ्याकडे बघत होते, तीच नजर, ‘झालं का गं?’ मी वायर सुटली असेल म्हणून पुन्हा त्या फटीत शिरले. वायर तर ठीक होती. आता काय करावं! मी हताश होऊन एक लांब श्वास घेतला आणि बटण दाबलं.

“आला! आला!” हॉल दुमदुमला.

मी तिथेच, अंधारात, पैठणीच्या मागे गोठून बसले. हळूहळू प्रकाश पडला. रेशमाच्या इतक्या थरांतून बासरीवाल्याचा श्वास बाहेर येणं शक्यच नव्हतं. जो येत होता तो माझा होता! कालचाही माझाच. ज्याने बाबांच्या पायांवर सरबत सांडलं, तोही.

बाहेर येऊन सांगावं असं मनात आलं. पण एवढ्या बायका हात जोडून उभ्या असताना ‘मी आहे’ म्हणत गौरीच्या मागून बाहेर येण्याची माझी छाती झाली नाही. आणि बाबांसमोर तर नाहीच नाही. त्या दुपारी मी इतके श्वास घेतले की मला गरगरायला लागलं.

“उजवी का नाही हो घेत?” एका बाईंनी विचारलं.

“धाकटी आहे ती,” शिंदे काकू म्हणाल्या. “मोठीसमोर कशी घेईल?”

विसर्जन झालं. मुखवटे पेटीत गेले, साड्या घड्या होऊन कपाटात गेल्या, आणि स्पीकर पुन्हा स्पीकर झाले. मी मात्र त्यांच्याकडे बघायचंही टाळत होते. कारण आता बाबा मोकळ्या घरात, खुर्ची टाकून, नीट ऐकणार होते. माझ्या श्वासाची जादू उघडी पडणार, आणि खरा श्वास आला नाही तर त्यांच्या हातात काय उरणार?

रविवारी दुपारी फादी आला. त्याने मागच्या भोकातून पुरचुंडी काढली, हुंगली, आणि मान डोलावली. “गहू? बरं केलं. छोट्या खोलीत बासचा घुमारा असाच दाबावा लागतो. मी स्पंज आणला होता.” पुरचुंडी त्याने परत आत सरकवली. मग स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, बोटभर इकडे, बोटभर तिकडे, आणि बाबांची खुर्ची फ्रिजपासून लांब, सोफ्याच्या जागी आणली. खाली गावाकडची घोंगडी अंथरायला लावली. खुर्चीमागच्या भिंतीवर आईच्या साड्यांचा पडदा सजावटीसाठी लावला होता, तो काढू नका म्हणाला. आणि निघून गेला. हे ऐकायला परका माणूस नको, म्हणाला.

मी बासरी लावायला हात पुढे केला.

“थांब,” बाबा म्हणाले. ते उठले आणि त्यांनी एसी बंद केला.

सप्टेंबरातली दुबईची दुपार! पण बाबांनी ज्या दिवशी तो श्वास ऐकला, त्या दिवशीही एसी बंदच होता की. आईने फ्रिजचंही बटण बंद केलं. घर असं शांत झालं, की आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. खालच्या गल्लीतला कापडवाल्याचा आवाज, लांबून अब्राच्या इंजिनाची टकटक, आणि मग तीही गेली. आम्ही तिघं घामाने निथळत, न हलता बसलो. मी बाबांच्या शेजारी, उघड्यावर. माझे दोन्ही हात फोनवर आणि श्वास रोखून धरलेला.

बटण दाबलं.

आला. बारीकसा, कोरडा, कोणी पुस्तकावरची धूळ फुंकावी तेवढा. माझ्या समोर, घोंगडीच्या थोडं वर, हवेत कोणीतरी होतं. मग बासरी उठली, आणि आमची एवढीशी खोली मोठी होत गेली. भिंती कुठेतरी मागे सरकल्या. मला वाटलं आपण पाण्यावर आहोत, कुठलाच किनारा दिसत नाही, आणि दिसायची गरजही नाही. आई केव्हाच झोपली होती. बाबांच्या गालांवरून जे ओघळत होतं तो घाम होता की काय, ते मी बघितलं नाही.

संपल्यावर बाबा खुर्चीत मागे टेकले.

“हाच,” मग म्हणाले. “साहेबांकडचा हाच.” आणि थोड्या वेळाने, डोळे मिटलेलेच, “पण गौरींच्या दिवशीचा कसा घरातला वाटला होता.”

पुढच्या रविवारी बाबा खुर्चीत बसले, आईने एसी बंद केला, आणि मी “वायर जरा बघते हं” असं पुटपुटत डाव्या स्पीकरच्या मागे जाऊन बसले. श्वास छान जमला. बाबा हसले. त्याच्या पुढच्या रविवारीही जमला. कॉलेजच्या शिक्षणाचा घराला उपयोग होतोय, याचं मला फार बरं वाटायला लागलं. ही कला कोणाच्याही लक्षात येणार नाही इतकी सफाईदार झाली आहे, अशी माझी मनोमन खात्रीही झाली.

काल मात्र मी श्वास घेऊन बटण दाबणार, तेवढ्यात खुर्चीतून, डोळे न उघडता, बाबांचा आवाज आला.

“रेवे, सर्दी झालीय का गं तुला?”